कॅमेऱ्याची बॅग घेताय? आधी वजनकाटा काढा

कॅमेरा घेताना आपण महिना महिना चौकशी करतो. कोणती कंपनी, किती मेगापिक्सेल, हप्ता किती, मामाच्या मुलाचं मत काय, सगळं विचारून होतं. बॅग मात्र कॅमेऱ्यासोबत फुकट मिळाली म्हणून वापरली जाते, नाहीतर सेलमध्ये स्वस्त दिसली म्हणून मागवली जाते. मग सहा महिन्यांत खांद्याचा पट्टा उसवतो, चेन अर्ध्यावर अडकते, नाहीतर बॅग इतकी जड वाटू लागते की कॅमेरा घरीच राहतो. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू कपाटात पडून राहण्याचं कारण पुष्कळदा दोन हजारांची चुकीची बॅग असते.

म्हणून या वेळी बॅगेबद्दल बोलू. तुमचं बजेट दोन-चार हजारांचं आहे, घरात एक कॅमेरा आणि एक-दोन लेन्स आहेत, आणि फिरणं स्कूटर, बस आणि ट्रेननेच होतं, असं मी गृहीत धरते. उदाहरणं आमच्या हूटगळ्ळीची देते. म्हैसूरच्या वायव्येला हुणसूर रस्ता आणि केआरएस रस्ता यांच्या मध्ये पसरलेला हा कारखान्यांचा आणि वसाहतींचा भाग. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबंही इथे भेटतात. रंगनथिट्टूचं पक्षी अभयारण्य आणि केआरएस धरण इथून सकाळी जाऊन जेवायला घरी परतता येईल इतकं जवळ. हुणसूरच्या वाटेने पुढे गेलं की नागरहोळेचं जंगल. दसऱ्याला अख्खं शहर रस्त्यावर. कृपाकर आणि सेनानी ही वन्यजीव चित्रीकरणातली नावाजलेली जोडीही म्हैसूरचीच. अशा ठिकाणी घरातल्या एकाला तरी कॅमेऱ्याचं वेड लागतंच. पण तुम्ही नाशिकला असा की बेळगावला, हिशेब तोच लागू पडेल.

स्वयंपाकघरातून सुरुवात

दुकानात जाण्याआधी, मोबाइलवर शोधायला लागण्याच्याही आधी, एक काम करा. एखाद्या रविवारी तुम्ही कॅमेरा घेऊन जसे बाहेर पडता, तसं सगळं सामान टेबलावर मांडा. नुसता कॅमेरा नको, सगळं. पाण्याची बाटली, डबा, रेनकोट, पॉवर बँक, छत्री. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून आकडे कागदावर लिहा.

नवशिक्यांच्या घरात नेहमी दिसणाऱ्या एका संचाचा हिशेब साधारण असा होतो :

कॅमेरा बॉडी (कॅनन १५००डी, बॅटरी आणि कार्डासह) : ४७५ ग्रॅम
१८-५५ ची किट लेन्स : सुमारे २०० ग्रॅम
५५-२५० ची झूम लेन्स : सुमारे ३७५ ग्रॅम
चार्जर, जादा बॅटरी, कार्डं, ब्लोअर, कापड : सुमारे ३०० ग्रॅम
साधा ट्रायपॉड : सुमारे १,२०० ग्रॅम
लिटरभर पाणी, बाटलीसकट : सुमारे १,१५० ग्रॅम
डबा : सुमारे ५०० ग्रॅम
रेनकोट : सुमारे ३५० ग्रॅम
रिकामी बॅग : सुमारे १,२०० ग्रॅम

बेरीज झाली ५ किलो ७५० ग्रॅम. आता ही यादी पुन्हा वाचा. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स मिळून १ किलो ५० ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. एकटी पाण्याची बाटली त्याहून जड आहे, आणि रिकामी बॅगसुद्धा!

बॅग निवडताना लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच. आपण ‘कॅमेऱ्याची बॅग’ शोधतो, पण पाठीवर वाहतो तो सगळा दिवस. जाहिरातीतली बॅग उघडली की आत राखाडी कप्प्यांत दोन बॉडी, पाच लेन्स आणि फ्लॅश ओळीने बसलेले दिसतात. तुमच्याकडे एक बॉडी आणि दोन लेन्स आहेत. उरलेल्या कप्प्यांत तुम्ही पोळीभाजीचा डबा ठेवणार का? तेलाचा वास आणि लेन्स एकत्र नको, म्हणून डबा वेगळ्या पिशवीत जातो, पाणी हातात, रेनकोट स्कूटरच्या डिकीत. पाठीवर बॅग असूनही दोन्ही हात अडकलेले. मग फोटो काढायचे कधी?

तीन प्रकार, आणि तुमचा कोणता

बाजारात या कामासाठी तीन प्रकारच्या बॅगा मिळतात.

पहिली, पूर्ण गादीची बॅग. वरपासून खालपर्यंत फोमचे कप्पे. लग्नाचं, कार्यक्रमांचं काम करणाऱ्यांसाठी ही ठीक. त्यांचं सामान खरंच तेवढं असतं आणि जेवण कार्यालयात मिळतं. घरच्या माणसासाठी ती जड पडते आणि अर्धी रिकामी राहते.

दुसरी, अर्धी-अर्धी. खालच्या भागात कॅमेऱ्याचे गादीचे कप्पे, वरच्या भागात मोकळी जागा, मध्ये चेनने उघडणारा पडदा. पक्षी बघायला किंवा देवळं बघायला दिवसभर जाणाऱ्यांना ही सर्वांत सोयीची. खाली कॅमेरा, वर डबा आणि रेनकोट, बाजूच्या जाळीत पाणी, दुसऱ्या बाजूला ट्रायपॉड. फक्त मधला पडदा पक्का हवा. तो नुसत्या कापडाचा असेल तर वरचा स्टीलचा डबा थेट लेन्सवर बसतो.

तिसरी, साधी चांगली पाठपिशवी आणि आत ‘इन्सर्ट’. इन्सर्ट म्हणजे गादीचा चौकोनी डबा, आत वेल्क्रोने हलवता येणारे पडदे असतात. मुलाची जुनी पण धड असलेली कॉलेजची बॅग, लॅपटॉपची बॅग किंवा ट्रेकची बॅग घ्यायची, तळाशी इन्सर्ट ठेवायचा, वर बाकीचं सामान. घरी आल्यावर इन्सर्ट बाहेर, बॅग पुन्हा ऑफिसला.

बजेट कमी असेल तर मी तिसराच पर्याय सुचवेन. इन्सर्ट हजार रुपयांच्या आसपास मिळतो. बॅग घरातच असते. शिवाय तिच्यावर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव नसतं. दसऱ्याच्या गर्दीत किंवा ट्रेनमध्ये ‘माझ्यात महागडा कॅमेरा आहे’ असं लिहिलेली बॅग पाठीवर मिरवण्यापेक्षा शाळकरी दिसणारी बॅग कधीही बरी.

इन्सर्ट घरीही होतो. म्हैसूर हे योगासनांचं शहर, इथे जुनी योगा मॅट शोधायला लांब जावं लागत नाही. पण ती तुमच्याही घरी कपाटामागे सापडेल. सहा मिलिमीटरच्या मॅटचे दोन थर एकावर एक चिकटवा, बॅगेच्या मापाने तळ आणि चार भिंती कापा, शिंप्याकडून कापडी खोळ शिवून घ्या आणि पडद्यांना वेल्क्रो लावा. मॅटऐवजी गादीचा मऊ स्पंज वापरू नका. तो दाबला की सपाट होतो आणि पाणी पितो. दाबून सोडल्यावर लगेच उसळी घेणारा, घट्ट फोम हवा.

मापं आतून घ्या

बॅगेवर ‘२५ लिटर’ लिहिलेलं असतं. त्यावरून तुमचा कॅमेरा बसेल की नाही, हे कळत नाही. आतली लांबी, रुंदी आणि खोली हे तीन आकडे बघा. ऑनलाइन घेताना बाहेरचं आणि आतलं माप वेगळं दिलेलं असतं. गादीची जाडी दोन्ही बाजूंनी जात असल्यामुळे त्यात तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

वर दिलेला कॅमेरा जवळपास १३ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच आहे. किट लेन्स लावून तो लेन्स खाली करून ठेवायचा तर १५-१६ सेंटीमीटर खोली लागते. आडवा ठेवला तर १२ पुरते. बऱ्याच सडपातळ, देखण्या बॅगा इथेच नापास होतात. चेन लागते, पण कॅमेऱ्याची मागची स्क्रीन झाकणाला टेकून दाबली जाते.

रंगनथिट्टूला जाणाऱ्यांनी आणखी एक माप घ्यावं. तिथे चित्रबलाक, चमचे, झोळीवाले पेलिकन आणि खडकांवर पहुडलेल्या मगरी बघितल्या की आज ना उद्या १५०-६०० ची लेन्स घ्यावीशी वाटते. ही लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास भरते, आणि कॅमेऱ्याला जोडलेली असताना लांबी ३५ सेंटीमीटरच्या घरात जाते. वर्षभरात ती घ्यायची खात्री असेल तर आतून ४० सेंटीमीटर उंची मिळेल अशी बॅग बघा. नुसती ‘कधीतरी घेऊ’ अशी इच्छा असेल तर आज मोठी बॅग घेऊ नका. मोठी बॅग आपण भरतोच, आणि पाठ आपलीच असते.

दुकानात बॅग रिकामी बघू नका

विजयादशमीच्या मिरवणुकीत म्हैसूरचा हत्ती सोन्याची अंबारी वाहतो, तिचं वजन ७५० किलो. पण ती थेट त्या दिवशी त्याच्या पाठीवर चढवत नाहीत. आधी कित्येक दिवस वाळूची पोती बांधून त्याला रस्त्यावरून चालवतात आणि वजन हळूहळू वाढवत नेतात. अंबारीखाली पाठीवर जाड गादीही असते. हत्तीसाठी एवढा विचार होतो, आणि आपण बॅग रिकामी खांद्याला अडकवून, आरशात बघून विकत घेतो!

दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या. बाकीच्या वजनासाठी तीन किलो तांदूळ किंवा डाळीच्या पुड्या न्या. लाजू नका, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. बॅग भरा, पाठीवर घ्या आणि दहा मिनिटं दुकानात, जिन्यावर चालून बघा. ऑनलाइन मागवली असेल तर लेबल न काढता घरात हाच प्रयोग करा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी करा.

चालताना या गोष्टींकडे लक्ष द्या :

पट्टे. रुंद आणि थोडे वाकवलेले हवेत. भरलेल्या बॅगेचा पट्टा मानेजवळ रुतत असेल तर तो एका तासात डोकं दुखवेल.

छातीचा पट्टा. दोन्ही खांदेपट्टे पुढून जोडणारी ही छोटी पट्टी असेल तर पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत. खांदे अरुंद असलेल्यांना, म्हणजे अनेक मुलींना आणि मुलांना, ती फार उपयोगी.

कमरपट्टा. पाच किलोच्या वर वजन जाणार असेल तर हवाच. पण नुसती नायलॉनची पट्टी वजन घेत नाही, ती बॅग हलू देत नाही इतकंच. वजन कमरेवर घ्यायचं तर पट्टा रुंद, गादीचा आणि नितंबांच्या हाडांवर बसणारा लागतो. स्वस्त बॅगांत तो क्वचितच मिळतो.

शिवण. खांदेपट्टा वरच्या बाजूला जिथे बॅगेला शिवलेला असतो, ती जागा उलटून बघा. तिथे चौकोनात फुलीची शिवण किंवा दोन-तीन घट्ट रांगा हव्यात. एकाच रांगेवर पट्टा लटकत असेल तर बॅग परत ठेवा. स्वस्त बॅग फाटते ती बहुतेक वेळा इथेच.

चेन. भरलेल्या बॅगेची चेन एका हाताने उघडून बघा. कोपऱ्यावर अडकते का? दात मोठे आणि चेनवर दोन स्लायडर असावेत, म्हणजे ते एकमेकांजवळ आणून छोटं कुलूप लावता येतं.

तळ. अंगठ्याने तळाची गादी दाबा. बॅगेला सगळ्यात जास्त दणके तळातून बसतात, कारण आपण ती दिवसातून वीस वेळा खाली ठेवतो. अंगठा थेट जमिनीला लागल्यासारखा वाटला तर आतून योगा मॅटचा तुकडा घालावा लागेल हे गृहीत धरा.

कापडावर ‘६००डी’ असं काही लिहिलेलं दिसेल. ‘डी’ म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. रोजच्या वापराला ६०० डेनियरचं पॉलिस्टर पुरतं. पण कापड जाड आणि शिवण कच्ची, अशी जोडी बाजारात पुष्कळ दिसते. दोन्हींपैकी एक निवडायचं झालं तर मी शिवण निवडेन.

उघडते कुठून?

ही बाब वेबसाइटवर एका ओळीत उरकलेली असते, पण वापरताना सगळ्यात जास्त जाणवते.

पुढून उघडणारी बॅग आडवी ठेवून पुस्तकासारखी उघडते. सगळं एका नजरेत दिसतं. पण ती आडवी करताना पाठीला टेकणारी बाजू जमिनीवर जाते. चिखलात ठेवली की तो चिखल मग तुमच्या शर्टावर.

पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेची चेन पाठीला टेकलेली असते. देवराज मार्केटच्या गल्लीत किंवा जंबो सवारीच्या गर्दीत मागून कुणी ती उघडू शकत नाही. गर्दीत फोटो काढणाऱ्यांनी ही घ्यावी.

बाजूने उघडणारी बॅग एक पट्टा सोडून पुढे ओढली की कॅमेरा हातात येतो. रंगनथिट्टूच्या नावेत बसून बॅग खाली ठेवायला जागा नसते, पक्षीही थांबत नाही. तिथे ही बरी. पण तिची चेन उघडी राहिली तर कॅमेरा थेट खाली. बाजूच्या चेनवर एक लहान अडकवणी, म्हणजे बक्कल, आहे का ते बघा. नसेल तर ‘उघडली की लगेच लावायची’ ही सवय घरात सगळ्यांनाच लावा.

पाऊस आणि बुरशी

म्हैसूरचा पाऊस कोकणासारखा नाही. पण मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या सरी तुम्हाला दहा मिनिटांत भिजवतात, आणि शनिवार-रविवारी मडिकेरीकडे गेलात तर तिथे खरा मोसमी पाऊस गाठतो. बॅगेवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पाणी थोडा वेळ अडतं, इतकाच. कापडाला आतून लेप असतो, पण शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत येतंच.

बॅगेसोबत येणारं पावसाळी आवरण उपयोगी आहे, पण ते पुढची बाजू झाकतं. स्कूटरवर पाणी मानेवरून, पाठीवरून वाहत पट्ट्यांच्या बाजूने आत शिरतं. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे कचऱ्यासाठी मिळते तशी जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी. ती नवी घेऊन कायम बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवा. पाऊस आला की आतला इन्सर्ट सबंध तिच्यात घाला, तोंड पिळून बांधा. वीस रुपयांत काम होतं.

दुसरा शत्रू पावसापेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही. बुरशी. हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढू लागतात. ती साफ करायला लेन्स उघडावी लागते, आणि स्वस्त लेन्सच्या बाबतीत तो खर्च नव्या लेन्सच्या जवळ जाऊ शकतो. बॅगेतली गादी ओल धरून ठेवते, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. बुरशीला आणखी काय हवं?

म्हणून हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं : बॅग ही कॅमेरा नेण्याची जागा आहे, ठेवण्याची नाही. फिरून आलात की त्याच संध्याकाळी कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढा, पुसा. बॅग उलटी करून झटका आणि पंख्याखाली उघडी ठेवा. कॅमेऱ्यासाठी रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओले झाले असं समजा. ओव्हनमध्ये साधारण ११०-१२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. मात्र निळे दाणे घेऊ नका. त्यांच्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी दाणे घ्या, आणि तेही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बॅगेच्या खिशात एखादी सिलिकाची पुडी टाकून निर्धास्त राहू नका. बॅग हवाबंद नसते, त्यामुळे पुडी थोड्याच दिवसांत ओलावते आणि नुसतं ओझं होते.

स्कूटर, ट्रेन, विमान

स्कूटरवर बॅग पाठीवर घ्या, पायाशी नको. पायाशी रस्त्याचे सगळे हादरे आणि चाकाने उडवलेलं पाणी थेट तिला लागतं. आत ट्रायपॉडसारखी कडक, लांब वस्तू कण्याच्या रेषेत ठेवू नका, पडल्यावर ती पाठीला लागते. ती बाजूला बांधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोंबणाऱ्या पट्ट्या. कमरपट्टा आणि लांब टोकं मागच्या चाकात अडकून अपघात होऊ शकतो. ओढणी सांभाळायला सांगतो तसंच पट्ट्याही सांभाळायला सांगा. जादा टोकं गुंडाळून रबराने बांधा.

शरावती एक्सप्रेसने दादरला जाताना रात्री बॅग बर्थखाली ढकलू नका. वरचा बर्थ मिळाला तर डोक्याशी घ्या, पट्टा हाताभोवती. खालचा असेल तर बर्थ आणि भिंत यांच्या मध्ये, तुमच्या आतल्या बाजूला ठेवा. इथे साध्या, छोट्या बॅगेचा फायदा कळतो. मोठी बॅग उशाशी मावतच नाही.

देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या केबिनमध्ये एक बॅग आणि ७ किलो वजन धरतात. ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर हे माप डोक्यात ठेवा. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या जवळच्याच बॅगेत लागतात, टोकं झाकून. एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचा कप्पा अरुंद असतो आणि मोठी बॅग कधीकधी शिडीजवळच काढून घेतात. अशा वेळी इन्सर्ट अख्खाच्या अख्खा बाहेर काढून हातात घेता येतो. पूर्ण गादीच्या बॅगेत ही सोय नाही.

मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पाठीचं काय?

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात म्हटलं आहे की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. कॅमेऱ्याच्या बॅगेलाही हाच नियम लावा. तुमची मुलगी ४५ किलोची असेल तर तिच्यासाठी मर्यादा साडेचार किलो. वरचा आपला हिशेब ५ किलो ७५० ग्रॅमचा होता. ट्रायपॉड काढला की साडेचारच्या जवळ येतो. म्हणजे ट्रायपॉड बाबांनी घ्यायचा, किंवा घरी ठेवायचा. दिवसाउजेडी पक्ष्यांचे फोटो काढायला तो लागतोच असं नाही.

निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतलेल्या आजी-आजोबांनी तर वजनाचा आकडा आधी ठरवावा आणि मग सामान निवडावं. चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या चढायच्या असतील तर एक बॉडी, एक लेन्स, अर्धा लिटर पाणी. गुडघे दुखत असतील तर एका खांद्यावर लटकणाऱ्या पिशवीपेक्षा दोन पट्ट्यांची लहान पाठपिशवी बरी, कारण तोल एका बाजूला जात नाही.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

हजार-बाराशे असतील तर चांगला इन्सर्ट घ्या आणि घरातली धड बॅग वापरा. पट्ट्याची शिवण कच्ची वाटली तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून आजच दुहेरी शिवून घ्या, फाटायची वाट बघू नका.

दोन ते चार हजार असतील तर अर्धी-अर्धी बॅग बघा. या किमतीत पट्टे, शिवण आणि चेन या तिन्ही गोष्टी चांगल्या मिळू शकतात. यूएसबीचं भोक, चकाकणारा लोगो, दहा छोटे खिसे यांचे पैसे देऊ नका.

चार हजारांच्या पुढे जाण्याचं कारण एकच असावं : जड लेन्स आणि दिवसभराची पायपीट. तिथे गादीच्या कमरपट्ट्याला पैसे मोजणं योग्य.

जुनी बॅग घ्यायलाही हरकत नाही. वास घेऊन बघा. कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी, अशी बॅग फुकट मिळाली तरी नको. आतला फोम चोळल्यावर पिठासारखा सुटत असेल तरी नको, ती भुकटी लेन्सवर आणि सेन्सरवर जाते.

दुकानात नेण्याची चिठ्ठी

एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवा :

१. माझं एकूण सामान किती किलो? त्यात कॅमेरा किती?
२. आतली खोली माझ्या कॅमेऱ्याला पुरते का?
३. डबा आणि रेनकोटाला वेगळी जागा आहे का?
४. पट्टा जिथे शिवलाय, तिथे शिवण किती पक्की?
५. भरलेल्या बॅगेची चेन एका हाताने उघडते का?
६. तळ अंगठ्याने दाबून बघितला का?
७. भरून दहा मिनिटं चाललो का?

सातही उत्तरं मनासारखी आली तर बॅग कोणत्या कंपनीची आहे, याने फारसा फरक पडत नाही. आणि सातवं उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी सहा बरोबर असूनही पैसे देऊ नका. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला गजर वाजेल, रंगनथिट्टूला जायचं असेल आणि झोप अजून डोळ्यांवर असेल. त्या वेळी बॅग आठवून तुम्हाला उठावंसं वाटलं पाहिजे. कॅमेरा घराबाहेर पडला तरच घेतल्याचं सार्थक.